विहिरीचा ड्रायव्हर

मंडळी, आजचा विषय जरा हाफिसातला आहे. पण लगेच पळू नका. त्यात मालगुंड आहे, विहीर आहे आणि आमचे काका आहेत. कर्नलचं नाव काढलं की ज्यांना जांभई येते, त्यांनी काकांच्या आशेवर वाचत राहावं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त निव्वळ ड्रायव्हर्सच्या आहेत. माउस, कीबोर्ड, डिस्क, वायफाय, कॅमेरा... प्रत्येक वस्तूची बोली वेगळी आणि ती समजून घेणारा दुभाष्या वेगळा. तरीही आमच्या धंद्यातली बहुतेक माणसं उभ्या आयुष्यात एकही ड्रायव्हर लिहीत नाहीत. हौस म्हणून जे लिहितात, ते एका ठरावीक जागी येऊन थांबतात. म्हणजे असं : पहिल्या दिवशी एक मॉड्यूल लिहायचं, ते चढवलं की लॉगमध्ये 'नमस्कार' उमटतो, उतरवलं की 'येतो' उमटतं. दुसऱ्या दिवशी त्याला एक डिव्हाइस फाइल जोडायची, जी उघडता येते आणि बंद करता येते. झालं! तिसऱ्या दिवशी काय करायचं ते कुणी सांगत नाही. उघडतं आणि मिटतं असं एक रिकामं कपाट तयार असतं, आणि त्यात ठेवायचं काय हा प्रश्न पडून पोरं परत वेबसाइट बनवायला जातात.

यंदा मे महिन्यात दहा दिवस मालगुंडला होतो. माझा पुतण्या (चुलतभावाचा मुलगा, रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो) नेमका त्या रिकाम्या कपाटापाशी येऊन बसला होता. "काका, हे मला काही जमायचं नाही. याचा उपयोग काय तेच कळत नाही," असं त्याने पहिल्याच रात्री पडवीत जाहीर केलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. उपयोग नसलेला ड्रायव्हर शिकणं म्हणजे पाण्याशिवाय पोहायला शिकणं.

उपयोग घरामागेच होता.

ज्यांनी मालगुंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : गणपतीपुळ्याहून जयगडच्या रस्त्याला लागलात की दोनेक किलोमीटरवर गाव. बरेच लोक केशवसुतांचं स्मारक बघायला पाच मिनिटं थांबतात आणि पुढे जातात. आमचं घर समुद्राच्या अंगाला. घरामागे आगर, आगरात माड आणि पोफळी, मध्ये विहीर. विहीर वाळूतली. समुद्राची गाज रात्री अंथरुणात ऐकू येते, तेवढ्यावर.

आता जरा भूगोल सांगतो, कारण सगळं त्याच्यावर अडलं आहे. अशा किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घायबेन नावाच्या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने त्याचा हिशोब मांडला. समुद्राच्या पातळीवर गोडं पाणी जितकं उंच उभं असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट ते समुद्रपातळीच्या खाली भरलेलं असतं. ऐकायला श्रीमंती वाटते. पण हिशोब उलटाही चालतो. वरची पातळी एक फूट उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. हे अर्थात कागदावर. प्रत्यक्षात वेळ लागतो, मध्ये खडक येतो, पाऊस येतो. पण दिशा तीच.

काकांना हर्झबर्ग माहीत असायचं कारण नाही. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं. "विहिरीचा तळ बघू नये रे. एकदा मचूळ झाली की झाली." माड थोडं मचूळ पाणी सोसतो, पोफळ सोसत नाही. आमच्याच वाडीतल्या एका विहिरीवर दोन उन्हाळे मोठा पंप चालला, आता ते पाणी कपडे धुवायलाही नको वाटतं. तिथल्या पोफळींचे नुसते खांब उभे आहेत.

त्यामुळे मे महिन्यात काकांचा एक नेम असतो. संध्याकाळपर्यंत पाणी ठरावीक खुणेपर्यंतच काढायचं. रात्री झरे विहीर भरत आणतात. पाणी आतल्या जांभ्याच्या तिसऱ्या थरापर्यंत चढलं की अर्धा तास पंप, की पुन्हा बंद. अडचण एवढीच की पाणी केव्हा चढेल याचा नेम नाही. कधी दोनला, कधी चारला, एखाद्या रात्री चढतच नाही. म्हणून काका रात्रीतून तीन-चार वेळा उठतात, बॅटरी घेऊन आगरात जातात, कठड्यावरून वाकून बघतात आणि परत येऊन आडवे होतात. वय वर्षं पंचाहत्तर. गेल्या वर्षी त्या कठड्यापाशीच पाय घसरला होता, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून काकूला झोप नाही. काका उठले की ती पडवीत येऊन बसते आणि बॅटरीचा उजेड परत येईपर्यंत तिथेच बसते. बोलत काही नाही.

गावातल्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "त्यात काय, दोन फ्लोट टाका, स्टार्टरला जोडा, विषय संपला." अर्धा विषय खरंच संपला. खालचा फ्लोट त्याने बसवला. पाणी खुणेखाली गेलं की पंप आपोआप बंद. त्यात संगणकाचा काडीचा संबंध नाही आणि मी तो येऊही दिला नाही. ज्या गोष्टीने कायमचं नुकसान होऊ शकतं ती साध्या तारेवर चालावी, असं माझं मत आहे. पोटापाण्यासाठी कर्नलमध्ये काम करणाऱ्या माणसाचं मत म्हणून ते घ्यावं. :)

वरच्या फ्लोटला मात्र काकांनी साफ नकार दिला. पंप आपोआप सुरू होऊन चालणार नाही. "पाणी कुठल्या आळ्याला वळवायचं ते काय तुझ्या फ्लोटला कळतंय?" पंप सुरू करायला माणूस हवा, फक्त त्याला बोलवायला काहीतरी हवं. म्हणजे घंटा हवी.

माळ्यावर एक जुना संगणक होता, साधारण २००६ चा, पाठीमागे प्रिंटरचं पंचवीस पिनांचं पॅरलल पोर्ट असलेला. तज्ज्ञ मंडळी आता म्हणतील की हे काम दोन-चारशे रुपयांच्या चिमुकल्या बोर्डावर होतं, कर्नलला कशाला हात लावता? खरं आहे. शिवाय पॅरलल पोर्ट कर्नलबाहेरूनही वाचता येतं, त्याचीही सोय लिनक्समध्ये आहे. पण मला दोन कामं एकदम करायची होती, आणि दुसरं काम माझ्यासमोर तोंड पाडून बसलं होतं. वीज गेली तर काय, हाही प्रश्न आला. वीज गेली तर पंपही चालत नाही, म्हणजे उठून उपयोग नाही. युपीएसचा खर्च वाचला.

पॅरलल पोर्ट हे शिकण्यासाठी सोन्यासारखं आहे. त्यात लपवाछपवी नाही. लागोपाठचे तीन पत्ते : हेक्स ३७८ वर आपण लिहायचं, ३७९ वर बाहेरची हालहवाल वाचायची, ३७ए वर नियंत्रण. आम्ही फ्लोटची तार दहाव्या पिनेवर आणली. सरळ नाही, मध्ये ऑप्टोकप्लर घालून. आगरातून घरापर्यंत लांबलचक तार आणि तोंडावर मृगाच्या विजा, तेव्हा विहीर आणि संगणक यांची विजेने गाठ पडता कामा नये, उजेडाने पडावी. ऑप्टोकप्लर नेमकं तेच करतो. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला तो बघणारा ट्रान्झिस्टर, मध्ये तार नाही. सुटा भाग रत्नागिरीत काही रुपयांत मिळाला. पाणी वर आलं की ३७९ वरचा सहावा बिट बदलतो. (शून्यापासून मोजायचं. हे काकांना समजावू नका, मी प्रयत्न केला आहे.)

पुतण्याकडे तयार होतं ते रिकामं कपाट. उघडणारं आणि मिटणारं. डिव्हाइस फाइलचं नाव आम्ही 'विहीर' ठेवलं. पहिल्यांदा ती वाचायला सांगितली तर शेलने उत्तर दिलं, 'अवैध आर्ग्युमेंट'. तो खट्टू झाला, मला मात्र हे उत्तर फार आवडतं. कर्नल म्हणतो आहे : बाबा रे, या वस्तूला वाचणं म्हणजे काय ते तू मला सांगितलेलंच नाहीस.

सांगायचं कुठे? 'फाइल ऑपरेशन्स' नावाचा एक साचा असतो. त्यात तीसेक रिकाम्या जागा : उघडणं, वाचणं, लिहिणं, थांबून बघणं, वगैरे. प्रत्येक जागी आपल्या फंक्शनचा पत्ता ठेवायचा. ज्या जागा आपल्याला नको त्या कोऱ्या सोडल्या तरी चालतात, कर्नल त्यांचं काय ते बघून घेतो. मालगुंडात बसून लिहितो आहे म्हणून सुचलं असेल, पण केशवसुतांनी मराठीत चौदा ओळींचं सुनीत आणलं ते असंच एका परक्या साच्यात आपला ऐवज भरून. फरक इतकाच की सुनीतात चौदाच्या चौदा ओळी भराव्या लागतात, तीन भरल्या आणि बाकी कवितेने बघून घ्यावं असं चालत नाही. (जाता जाता : गावातलं स्मारक झालं १९९४ मध्ये, आणि लिनक्स १.० आलं तेही १९९४ च्या मार्चमध्ये. यातून काहीही सिद्ध होत नाही.)

असो. तर वाचण्याची जागा भरायची.

पोरं इथे जालावरून जुनं उदाहरण उतरवतात आणि ते कम्पाइल होत नाही. पुतण्याचंही तेच झालं होतं. या विषयावरचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक म्हणजे कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचं 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'. त्याची तिसरी आवृत्ती २००५ ची, कर्नल २.६.१० वर बेतलेली. पुस्तक फुकट उतरवता येतं आणि समजावण्याच्या बाबतीत आजही त्याला तोड नाही. पण कर्नलच्या आतल्या गोष्टी बदलत राहतात, आणि बदलणार नाहीत असं वचन कुणी दिलेलंही नाही. टायमर मांडायची पद्धत २०१८ मध्ये ४.१५ पासून बदलली, 'क्लास क्रिएट'चा एक आर्ग्युमेंट २०२३ मध्ये ६.४ ला गळाला. पोराला वाटतं आपलं डोकं चालत नाही. डोकं चालतं, पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं आहे. मी त्याला सांगितलं, पुस्तकातला विचार घे आणि ओळी कर्नलच्या आजच्या सोर्समधून घे. मालगुंडात नेटवर्कची मर्जी असली तरच शंभर-दीडशे मेगाबाइट उतरतात, म्हणून सोर्स मी पुण्याहूनच घेऊन गेलो होतो.

आणखी एक विघ्न आलं. ते पत्ते आधीच कुणीतरी धरून बसलं होतं. कर्नलचा स्वतःचा प्रिंटर पोर्टचा ड्रायव्हर! तो उतरवल्याशिवाय आम्हाला जागा मिळेना. आयोपोर्ट्सच्या यादीत मालकाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं, सातबारा असावा तसं. कर्नलमध्ये दुसऱ्याच्या पत्त्यावर जाऊन थेट लिहिता येतं, कुणी हात धरत नाही. पण आधी रीतसर मागायचं, नाही मिळालं तर निमूट परतायचं, हा तिथला शिष्टाचार आहे. शहाणा मार्ग म्हणजे त्याच ड्रायव्हरचं कूळ होऊन राहणं. पुढे तसं करायचं ठरलं आहे. पहिल्या धड्याला मात्र आम्ही मालकालाच बाहेर काढलं.

मॉड्यूल चढवल्यावर लॉगमध्ये आलं की बाहेरच्या मॉड्यूलने कर्नलला 'टेन्ट' केलं. पुतण्याने त्याचं भाषांतर केलं, "काका, कर्नल बाटला!" काकू आतून म्हणाली, "मग आता काय, गोमूत्र शिंपडायचं?"

वाचणं लिहिताना खरी गंमत असते परत काय द्यायचं त्यात. पोर्टवरून बिट वाचणं ही एक ओळ. बाकी सगळा व्यवहार वर बसलेल्या प्रोग्रामशी. त्याने एक पत्ता दिलेला असतो, 'माझं उत्तर इथे ठेव' म्हणून. त्या पत्त्यावर कर्नलने डोळे मिटून लिहायचं नाही. पत्ता खोटा असू शकतो, दुसऱ्याचा असू शकतो, खुद्द कर्नलचाच असू शकतो. म्हणून 'कॉपी टू यूजर' वापरायचं. ते पत्ता तपासतं, आणि किती बाइट पोचले नाहीत ते सांगतं. शून्य आलं तर सगळं पोचलं. मग किती बाइट दिले ते आपण परत सांगायचं, आणि पुढच्या वेळी विचारलं तर शून्य, म्हणजे 'संपलं'. हा शून्य दिला नाही तर काय होतं? पुतण्याच्या पहिल्या खेपेला पडदाभर एक, एक, एक, एक असा एकांचा पाऊस पडला आणि तो थांबेना. वाचणारा विचारत राहतो, ड्रायव्हर देत राहतो, कुणाचंच चुकलेलं नाही. 'संपलं' म्हणायचं काम ड्रायव्हरचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'विहीर' वाचली की शून्य किंवा एक यायला लागलं. पोरगं खूश. बादलीत फ्लोट बुडवून, वर काढून, शेजारच्या पोरांना दाखवून झालं.

काका बघत होते. म्हणाले, "म्हणजे आता तू रात्रभर ह्याला विचारत बसणार, पाणी आलं का, पाणी आलं का?"

"नाही काका, दर सेकंदाला प्रोग्रामच विचारेल."

"मग माझ्यात नि त्याच्यात फरक काय? मीही विचारतोच की विहिरीला जाऊन."

आता याला काय उत्तर देणार? आमच्या क्षेत्रात याला पोलिंग म्हणतात आणि हेच बोलायला हाफिसात लोक स्लाइड्स बनवतात. मी काकांना विचारलं, तुम्हाला नेमकं कसं हवं आहे? ते म्हणाले, "मी निजतो. पाणी आलं की मला उठव. आणि मध्येच मला दुसऱ्या कामाला उठायचं झालं, तर उठू दे."

मी पुतण्याकडे बघितलं. हा शब्दशः ब्लॉकिंग रीड आहे, शेवटच्या अटीसकट. वाचणारा येतो, डेटा नसतो, ड्रायव्हर त्याला एका 'वेट क्यू'मध्ये निजवतो. निजलेला प्रोसेस सीपीयूचा एक क्षणही खात नाही. पाणी आलं की ड्रायव्हर त्याला उठवतो. निजवण्याचे प्रकार दोन. एक साधा 'वेट इव्हेंट', दुसरा 'वेट इव्हेंट इंटरप्टिबल'. पुतण्याने आधी पहिला वापरला, नाव छोटं म्हणून. मग कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम मरेना. किल केला, मरेना. नऊ नंबरचा किल केला, तरी ढिम्म. यादीत त्याच्यापुढे 'डी' दिसत होतं, मशीनचा लोड उगाच एकने वाढलेला, आणि मॉड्यूल उतरवायला गेलं तर 'वापरात आहे'. फ्लोट बादलीत बुडवला तेव्हा कुठे सुटला. काकांनी शेवटची अट का घातली ते त्याला न शिकवता कळलं. इंटरप्टिबल वापरलं, तर सिग्नल आला की ड्रायव्हर झोप मोडून 'रीस्टार्टसिस' परत देतो आणि माणूस आपल्या कामाला जातो.

यात एक बारीक खाच आहे, ती सांगतो, कारण अनुभवी मंडळीही इथे अडखळतात. समजा काकांनी विहिरीत वाकून बघितलं, पाणी नाही. ते परत घराकडे निघाले. वाटेत असतानाच पाणी आलं आणि घंटा वाजून गेली. काका मग अंथरुणावर पडले आणि घंटेची वाट बघत राहिले. आता ती कधीच वाजणार नाही. याला लॉस्ट वेकअप म्हणतात. तोडगा असा की आधी 'मला उठवा'च्या यादीत नाव घालायचं, आणि मग निजण्यापूर्वी पुन्हा एकदा बघायचं. 'वेट इव्हेंट' नेमकं याच क्रमाने सगळं करतं. म्हणून ते स्वतःच्या हाताने लिहू नये.

पण ड्रायव्हरला तरी कोण सांगणार पाणी आलं म्हणून? तिथे दहाव्या पिनेचं महत्त्व. पॅरलल पोर्टवर फक्त याच एका पिनेवरून इंटरप्ट येऊ शकतो. बहुधा सात नंबरचा. ३७ए वरचा चौथा बिट चालू केला की झालं. पिनेवरचं व्होल्टेज बदललं की सीपीयू हातातलं काम टाकून आपल्या फंक्शनमध्ये येतो. तिथे थांबायचं नाही, निजायचं नाही, भराभर आटपून बाहेर पडायचं.

बादलीत सगळं झकास चाललं. विहिरीत फ्लोट सोडला आणि इंटरप्टांचा आकडा मिनिटाला शेकड्याने पळायला लागला! पाणी काही काठावर येऊन 'मी आलो' म्हणत नाही. ते झऱ्याने हलतं, वाऱ्याने हलतं, त्यात पिंपळाचं पान पडतं. फ्लोट खुणेपाशी वरखाली नाचतो आणि दर नाचाला एक निरोप. मला स्वतःला हा भाग ड्रायव्हर लिहिण्यातला सगळ्यात आवडता वाटतो. पुस्तकातला बिट शून्य असतो किंवा एक असतो. विहिरीतला बिट बराच वेळ दोन्ही असतो.

उपाय जुनाच. इंटरप्ट आला की काही ठरवायचं नाही, फक्त 'दहा सेकंदांनी बघ' असं एक काम पुढे टाकायचं. त्याच्या आत पुन्हा इंटरप्ट आला की तेच काम पुन्हा दहा सेकंद पुढे. पाणी शांत झालं, दहा सेकंद नवा निरोप नाही, मग बिट वाचायचा. तोही आणखी तीनदा थांबून थांबून. चारही वेळा वर असेल तरच झोपलेल्याला उठवायचं. 'मॉड डिलेड वर्क' नावाचं तयार फंक्शन आहे. आणि मॉड्यूल उतरवताना ते राहिलेलं काम आठवणीने रद्द करायचं. नाहीतर दहा सेकंदांनी कर्नल अशा फंक्शनला हाक मारतो जे आता जगात नाही, आणि मग सगळंच आडवं होतं.

दहा सेकंद हा आकडा कुठून आला? काकांकडून. मी अर्धा सेकंद धरला होता, हाफिसातल्या बटनांना तेवढा पुरतो. काका म्हणाले, विहिरीला घाई नसते.

लिहिण्याची जागा शेवटी भरली आणि ती सगळ्यात सोपी निघाली. 'विहीर'मध्ये एक लिहिलं की ३७८ वरचा पहिला बिट चढतो, ट्रान्झिस्टर, रिले, आणि पडवीत टांगलेली घंटा. शून्य लिहिलं की बंद. वरच्या बाजूला पाच-सात ओळींची एक स्क्रिप्ट : वाच, उठलास की घंटा वाजव, वीस सेकंदांनी बंद कर. ड्रायव्हरने स्वतःच घंटा वाजवावी असं पुतण्याचं म्हणणं होतं, मी नाही म्हटलं. पाणी आलं हे ड्रायव्हरने सांगावं. त्यावर कुणाला उठवायचं, किती वेळ वाजवायचं, काकूंना किती त्रास द्यायचा, हे घरातल्या माणसांनी ठरवावं, आणि ते कर्नल न बदलता बदलता यावं.

पहिल्या रात्री आम्ही दोघं जागेच होतो. काका निजले. म्हणजे आडवे झाले. दीड वाजता ते उठले, बॅटरी घेतली आणि आगरात गेले. काकू पडवीत येऊन बसली. परत आले, म्हणाले "नाही अजून." अडीचला पुन्हा. तीन वाजून चाळीस मिनिटांनी घंटा वाजली. काका तेव्हा नुकतेच आडवे झाले होते. उठून गेले, बघितलं, तिसरा थर. पंप चालू केला. आम्हाला काहीही बोलले नाहीत.

दुसऱ्या रात्री ते एकदाच बघून आले. तिसऱ्या रात्री घंटा सव्वादोनला वाजली आणि त्याआधी ते उठलेच नव्हते. काकू घंटेनंतरच बाहेर आली, पदर सावरत. चौथ्या रात्री पाणी चढलंच नाही, घंटा वाजली नाही, आणि सकाळी सहाला काका जरा घाबरूनच विहिरीवर धावले. यंत्र बिघडलं म्हणून. विहीर खुणेच्या वीतभर खाली होती. यंत्र बरोबर होतं. त्या दिवशी पोफळींना पाणी मिळालं नाही.

मी पुण्याला परत आलो तेव्हा सात रात्रींची नोंद पुतण्याच्या वहीत होती. कुठल्या रात्री किती वाजता पाणी चढलं, ओहोटी केव्हा होती, आदल्या दिवशी पंप किती मिनिटं चालला. वही त्याने आपणहून घातली. विहिरीच्या पाण्याची चवही लिहितो, काकांना विचारून : 'गोड', 'गोड', 'जरा जड'.

आता त्याला ड्रायव्हरमध्ये 'आयऑक्टल' घालायचं आहे, ते दहा सेकंद बाहेरून बदलता यावेत म्हणून. मी म्हणतो त्यासाठी मॉड्यूल पॅरामीटर पुरे, आयऑक्टल म्हणजे अडगळीची खोली, एकदा उघडली की घरातलं सगळं तिथे जातं. तो म्हणतो पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. फोनवर रोज वाद चालू आहे. मृगाचा पाऊस लागायच्या आत फ्लोट आणि तार काढून ठेवायची आहे, एवढ्यावर मात्र आमचं एकमत झालेलं आहे.